नागपूरकरांनो, समुद्रात कयाकवरून गळ टाकला तो दिवस कसा गेला?

प्रतापनगर

या हिवाळ्यात आमच्या ओळखीतले सात-आठ जण कयाकवरून, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या अरुंद होडीवरून, मासे धरायला मालवणला निघाले आहेत. सगळे रामटेकच्या खिंडसी तलावावर आणि गावाकडच्या बोड्यांवर, म्हणजे छोट्या तळ्यांवर, तयार झालेले, गळ टाकण्यात पट्टीचे. मला काळजी वाटते ती याच गोष्टीची. तलावावर हात बसलेला माणूस समुद्रात कुठे चुकतो ते मी स्वतः भोगलं आहे. म्हणून आधी माझं सांगतो, मग तुम्ही सांगा, वर आपापल्या वस्तीचं नाव लिहून. मासा मिळाला नसेल तरी सांगा. पण स्वतःवर गुदरलेलंच सांगा, ऐकीव नको.

दुपारी नागपूरहून मडगावच्या गाडीत बसलो ते दुसऱ्या दिवशी दुपारी कुडाळला उतरलो. कयाक ज्यांची होती ते काका मालवणचे. मी रीळ, गळ, दोऱ्या सगळं मांडून बसलो होतो. त्यांनी त्याकडे पाहिलंही नाही. विचारलं, "उद्या तिथी कितवी?" मी मोबाइल काढेपर्यंत त्यांनीच उत्तर दिलं: सप्तमी. सात पाऊणे सव्वापाच, म्हणजे पहाटे सव्वापाचला भरती. तिथीची पाऊणपट केली की कोकणातल्या भरतीची वेळ मिळते. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. तिथून साधारण सहा तासांनी ओहोटी, आणि रोज ही वेळ पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. माझ्या आजोबांना पाऊणकी तोंडपाठ होती. तिचा असा उपयोग असेल हे आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं.

साडेसहाला पाण्यात उतरलो. पाठीवर गार वारा होता. खारे वारे आणि मतलई वारे आपण सगळ्यांनीच पाचवी-सहावीत घोकले आहेत, मीही घोकले होते, समुद्रापासून इतक्या लांब बसून. त्या पहाटे मतलई पहिल्यांदा अंगाला लागला. तो जमिनीवरून येतो आणि बाहेर नेतो. कयाक सुरेख पळत होती आणि मला वाटत होतं, माझं वल्हं छान चाललंय. शिट्टी ऐकू आली म्हणून मागे वळून पाहिलं, तर किनाऱ्यावरची माडांची रांग बोटभर उरली होती. परतताना हेच सगळं अंतर वाऱ्याच्या विरुद्ध कापायचं होतं.

काकांच्या दोरीला सहा बारीक गळ होते, प्रत्येकाला पांढरं पीस बांधलेलं. आमिष काहीच नाही. दोरी खाली सोडून हात हळूहळू वर-खाली करायचा. एकदम दोरी थरथरली, एकाच वेळी दहा दिशांना ओढल्यासारखी. वर आले चार बांगडे. पाठीवर हिरव्या-निळ्या रेघा, पोट चांदीचं. बांगडा हातात घेतला की त्याचं सगळं अंग बारीक कापत राहतं आणि मग अचानक थांबतं. रोहू-कतल्याची झटापट वेगळी. मला थोडा वेळ पुन्हा दोरी सोडवेना.

साडेनऊ-दहाला वारा पडला. पाणी तेल ओतल्यासारखं सपाट. मी मनात म्हटलं, आता कुठे रंग भरतोय! तलावावर वारा पडला म्हणजे गळ टाकायची वेळ. काका दोरी गुंडाळत होते. म्हणाले, "वारो पडलो. आता खारो येतलो. चला."

मी अजून अर्धा तास मागितला. त्यांनी दिला नाही. बाराच्या आत आम्ही रेतीवर चहा पीत होतो आणि समुद्रात जिथे आम्ही गळ टाकून बसलो होतो तिथे लाटांचे पांढरे तुरे उठत होते. दोन वाऱ्यांच्या मधली ती शांतता परत येण्यासाठी असते. मला ती थांबण्यासाठी वाटली होती. काका सोबत नसते तर मी थांबलोच असतो.

सक्करदरा

माझं देवबागचं. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथलं. पौर्णिमा होऊन तीन दिवस झाले होते, उधाणाचा जोर होताच. तृतीया म्हणजे भरती सव्वादोनला. आम्ही चार वाजता उतरलो, ऊन उतरल्यावर बरं म्हणून. हिशेब ऊनाचा केला, पाण्याचा केला नाही.

खाडीत खडकाजवळ कोलंबी लावून गळ सोडला आणि तांबोशी लागली. ज्यांना लागली असेल त्यांना ठाऊक आहे, ती सरळ खडकात घुसते, दोरी घासून तोडायला. मी दहा मिनिटं फक्त काठीच्या टोकाकडे बघत होतो. तलावात वल्हं थांबवलं की आपण तिथेच असतो ना. मान वर केली तेव्हा काठावरचं घर दिसेना. ओहोटीचं पाणी खाडीतून बाहेर धावत होतं आणि समोरून दुपारचा खारा वारा येत होता. दोघे जिथे भिडतात तिथे लाटा पुढे जात नव्हत्या, जागच्या जागी उभ्या राहून कोसळत होत्या. आवाज येत होता.

मी उलटा फिरलो आणि जीव खाऊन वल्हं मारलं. काठ तसाच मागे जात राहिला. एका होडीवरून कुणीतरी ओरडलं, "आडवो मार! आडवो!" दोनदा ओरडल्यावर कळलं. पाण्याशी भांडायचं नाही, त्याला आडवं कापत वाळूच्या दांड्याकडे सरकायचं. तांबोशी अजून गळाला होती. दोरी मी माझ्या हाताने कापली. चाकू लाइफ जॅकेटला बांधलेला होता म्हणून कापता आली, पिशवीत असता तर नाही. किती खाली जाऊन वाळूला लागलो ते मोजलं नाही. होडीवाल्या दादांचे आभार मानायला दुसऱ्या दिवशी गेलो, ते पहाटेच समुद्रावर गेले होते. ते राहूनच गेलं, आणि मला ते अजून लागतं.

निघालेल्यांना हात जोडून सांगतो. खाडीच्या तोंडाशी ओहोटीत उतरू नका, आणि उधाणाच्या दिवसांत तर नाहीच. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाण्याची ओढ कमी असते. पहिला दिवस भांगाचा निवडा.

महाल

माझं वय बावन्न. पोहता येत नाही. लेकीने नेलं. तिने आधी मला कमरेइतक्या पाण्यात कयाक मुद्दाम उलटी करायला लावली, चार वेळा. चढायचं कसं तर आधी पोटावर आडवं पडायचं, मग कूस बदलून बसायचं, मग पाय आत घ्यायचे. घाईने गुडघा टेकवला की पुन्हा उलटते. तिसऱ्या वेळी मला रडू आलं. चौथ्यांदा चढले. त्यानंतर दोन तास समुद्रावर होते आणि दोन मुडदुशा धरल्या. रेतीच्या रंगाचा, हाताच्या वितीएवढा नाजूक मासा. माझ्या हातून पाण्यातून वर आलेली पहिली जिवंत गोष्ट. लेकीने फोटो काढला, त्यात मी माशाकडे बघते आहे आणि लाट कयाकवर येते आहे.

पोहता न येणाऱ्यांनी जॅकेटचा पोटाखालचा पट्टा बांधल्याशिवाय उतरू नये. तो सैल असला की पाण्यात जॅकेट वर जातं आणि माणूस खाली राहतो.

प्रतापनगर

ताई, हे चार वेळा उलटण्याचं मी आमच्या सगळ्यांकडून खिंडसीतच करून घेणार. आणि एक सगळ्यांनी लिहून घ्या: समुद्रात अडचण आली तर तटरक्षक दलाचा नंबर १५५४. फोन साध्या पिशवीत नको, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत आणि अंगावर. कयाक सुटून गेली तर त्यात ठेवलेला फोन तिच्यासोबतच जातो.

गोधनी

मला आवडलं नाही, तेही लिहितो. वल्हं मारेपर्यंत ठीक होतं. थांबून गळ सोडला आणि गळाच्या गाठीकडे खाली बघायला लागलो, पाचव्या मिनिटाला पोट ढवळलं. सकाळचे पोहे गेले. सोबतच्याने क्षितिजाकडे बघ म्हटलं, त्याने जरा उतार पडला, पण गळाला आमिष लावायचं तर खाली बघावंच लागतं. तासाभरात परत आलो. ज्यांना घाटातल्या एसटीत लागतं त्यांनी गळ आदल्या रात्रीच बांधून ठेवावेत आणि पोट अगदी रिकामं किंवा अगदी भरलेलं नसावं.

मेडिकल चौक

मी नर्स आहे. आमच्या यांना आपल्या नदीतला टेंगरा धरायची सवय, त्याचेही काटे लागतात, म्हणून समुद्रातला शिंगाळा यांनी बेफिकीर हाती घेतला. त्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक काटा असतो. बाजूचा काटा तळहातात गेला. नंतर सांगत होते, कयाकवर डोळ्यांपुढे अंधारी आली.

किनाऱ्यावर आल्यावर मी एका घरातून गरम पाणी मागितलं. सोसेल इतकं गरम, भाजेल इतकं नाही. आधी माझा हात बुडवून पाहिला, कारण दुखऱ्या हाताला चटका कळत नाही. तासभर हात बुडवून ठेवला, पाणी बदलत. या माशांचं विष उष्णतेने निकामी होतं, त्यामुळे कळ उतरते. बर्फ लावू नका. पाकटाच्या शेपटीचा काटा लागला तरी हेच, पण पाकटाचा काटा खोल गेला असेल तर तो ओढून काढू नका, तडक दवाखाना. यांच्या हातात काट्याचा तुकडा राहिला होता, तो नागपुरात आल्यावर निघाला. तोवर हात सुजून टम्म झाला होता. पक्कड आणि जाड हातमोजा विसरू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन निघण्याआधीच घ्या.

मनीषनगर

तलावाचं रीळ समुद्रावर नेलं, आल्यावर फडक्याने पुसून ठेवलं. पंधरा दिवसांत जाम. रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा, तेल द्या. सुरमईच्या आशेने जाणार असाल तर दोरीच्या टोकाला वीतभर स्टीलची तार लावा. तिच्या दातांपुढे नायलॉन टिकत नाही, माझ्या दोन नकली माशांसकट दोरी कापून गेली. आणि वीतभर सुरमई लागली तर सोडून द्या. राज्याने २०२३ मध्ये बऱ्याच जातींसाठी किमान लांबी ठरवून दिली आहे, पण तसा नियम नसता तरी सोडावी.

इतवारी

बांगडा सावजी मसाल्यात करू नका. मी सावजीवर जीव टाकणारा माणूस आहे, तरी सांगतो. ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या काकूंनी खोबरं, मिरची, आमसूल आणि चार तिरफळं ठेचून टाकली. बांगड्याच्या तेलाला तिरफळच हवं. पावभर आणली आहेत, कुणाला हवी असतील तर घेऊन जा.

प्रतापनगर

एकाने विचारलं, जूनमध्ये सुट्ट्या आहेत, तेव्हा गेलं तर? नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींनाही मासेमारी बंद असते, माशांची वीण असते आणि दर्या खवळलेला असतो. कोळी बांधव नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मगच नव्या हंगामाला लागतात. आपण डिसेंबर-जानेवारीतच जायचं.

रामटेक

मी ढिवर. खिंडसीवर जाळं टाकणं आमचं पिढ्यांचं. मोबाइलवर पोरगा लिहून राहिला, मी सांगून राहिलो. पोरानंच मले मालवणले नेलं. त्या पिलास्टिकच्या डोंग्यात बसलो तं पहिले भेवच वाटलं, पाय पाण्याच्या बरोबरीत. पाणी खारं हाय हे ऐकलं होतं, तरी बोट बुडवून चाखलं. बुड दिसत नाई, काठ दिसत नाई, लाट कुठून येते समजत नाई. तीस वर्षं पाण्यात काढली अन् तिथं मले काहीच समजून नाई राहिलं. पोरगा म्हणे बाबा, तुमी बसा निवांत. मले ते वाईट वाटलं.

मंग दूर पाखरं दिसली. पांढरी. उडून राहिली अन् एकदम पाण्यात पडून राहिली, एकाच जागी. मी म्हटलं, तिकडं चाल. तो मालवणचा भाऊ माह्याकडे पाह्यला लागला. म्हणे, काका, तुमका कसा कळला? मी म्हटलं, आमच्याकडेबी पाखरू तिथंच पडते जिथं खालून मोठी मासोळी बारीक मासोळीले वर हाकलते. तिथं गेलो तं पाणी उकळल्यावाणी झालं होतं. पिसांचा गळ खाली गेला की भरूनच वर ये. पंधरा-वीस बांगडे झाल्यावर त्या भाऊनं हात धरला, बस म्हणे काका, खायापुरते झाले. आमचा बापबी असाच हात धरत होता.

येताना त्याच्यापासून सहा पिसांची दोरी मांगून आणली. खिंडसीत टाकून पाह्यली, अजून तं काई लागलं नाई. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पाखरं भिंतीच्या अंगाले पडतात, तिथं टाकून पाहीन.