घरी मीटर लावायचा की नाही? गाडीच्या वायरिंगवरून जरा स्पष्टच

तिसरा_गिअर
दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी ठणकावून लिहिलंय की आजच्या गाड्या म्हणजे चाकांवरचे संगणक आहेत, घरी मीटर (व्होल्ट, अँपिअर, ओहम मोजणारा मल्टिमीटर) लावाल तर ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, जाळाल, फ्यूज बदलण्यापलीकडे कुणी हात लावू नये. तिथेच उत्तर लिहायला घेतलं, पण ते लांबलं. म्हणून हा वेगळा धागा.

व्होल्टवर ठेवलेल्या डिजिटल मीटरने ईसीयू जळत नाही. मीटरचा अंतर्गत रोध साधारण १० मेगाओहम असतो, म्हणजे १२ व्होल्टला त्यातून जेमतेम सव्वा मायक्रोअँपिअर वाहतो. ईसीयू जातो तो बॅटरी उलटी जोडल्याने, बॅटरी न सोडवता बॉडीवर वेल्डिंग केल्याने किंवा इंजिन चालू असताना टर्मिनल काढल्याने. डायनमो, म्हणजे अल्टरनेटर, तपासायची ही शेवटची पद्धत अजूनही शिकवली जाते, याचा मला मनापासून राग येतो. बॅटरी सुटली की अल्टरनेटरचा व्होल्टेज क्षणभर कितीतरी पट उसळतो, आणि तो झटका समोर येईल त्या मॉड्यूलला (ईसीयूसारख्या इलेक्ट्रॉनिक डब्याला) बसतो.

गाडी रात्रभर उभी राहिली की बॅटरी मोजा. १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली घसरली तर बॅटरी रिकामी किंवा थकलेली. इंजिन सुरू झाल्यावर १३.८ ते १४.५ दिसले तर चार्जिंग बहुधा ठीक आहे.

बॅटरी १२.६ आहे आणि सेल्फ नुसता 'टक' करतो? मग स्टार्टर (सेल्फची मोटर) उतरवायच्या आधी हे करा. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, क्लॅम्पवर नाही, थेट शिशाच्या खांबावर. दुसरी इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थची पट्टी (इंजिन-बॉडीला निगेटिव्हशी जोडणारी) किंवा तिचा बोल्ट खराब. पॉझिटिव्ह खांबापासून स्टार्टरच्या जाड बोल्टपर्यंत ०.५ च्या आत हवं. यात जळण्यासारखं काय आहे?

पिवळा_कनेक्टर
मीटर निर्दोष आहे, मान्य. नुकसान करतो तो मीटर धरणारा हात, आणि तुम्ही त्याच्याबद्दल चकार शब्द लिहिला नाहीत.

लाल पिन मीटरच्या १० अँपिअरच्या भोकात राहून जाते आणि तशीच बॅटरीच्या दोन खांबांना टेकवली जाते. हा थेट शॉर्ट आहे. चांगल्या मीटरचा आतला फ्यूज उडतो. स्वस्त मीटरमध्ये त्या भोकाला फ्यूजच नसतो, तिथे वायरी हातात वितळतात. दुसरं, कनेक्टरच्या तोंडात मीटरची जाड पिन खुपसली की आतलं टर्मिनल फाकतं, आणि नंतर खड्ड्यात गाडी आदळली की बंद पडते. हा दोष आधी नव्हता, तपासताना तयार झाला. पिन मागच्या बाजूने, सीलच्या कडेने, बारीक सुईने घालायची असते. वायरीला टोचून भोक पाडणारे तर वेगळेच. त्या भोकातून पाणी शिरतं आणि तांबं आतून हिरवं पडत जातं.

आणि एअरबॅग? पिवळ्या कनेक्टरवर ओहम मोजायला जाणारे आहेत. मीटर ओहमवर असताना स्वतः करंट सोडतो, आणि बॅग उडायला फार करंट लागत नाही. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांतल्या उच्च व्होल्टेजच्या नारिंगी केबलींबद्दलही तुमच्या लेखात अक्षर नाही. तिथे प्रश्न गाडीचा नसून जिवाचा आहे.

एकवीस_वॅट
दोघेही मीटर-मीटर करत बसलात. वायरिंगचं निदान बल्बने होतं.

वायरीच्या सात तारांपैकी सहा तुटल्यात, एक उरलीय, तीही गंजून जेमतेम टेकलेली. मीटर १२.६ दाखवणार, वायर सलग असल्याचा बझरही वाजणार. सगळं ठणठणीत! २१ वॅटचा इंडिकेटर बल्ब लावा, तो पावणेदोन अँपिअर ओढतो, आणि खरी परिस्थिती लगेच उजेडात येते. ओहमवर विसंबणाऱ्यांनी साधा गुणाकार करावा. केबलमध्ये फक्त ०.०५ ओहम रोध आहे, तो साध्या मीटरला दिसतसुद्धा नाही. स्टार्टर १५० अँपिअर ओढतो. साडेसात व्होल्ट वाटेतच गेले.

फ्यूज परत परत उडतोय? नवीन फ्यूज जाळत बसू नका. फ्यूजच्या जागी तोच बल्ब लावा. शॉर्ट असेपर्यंत तो लख्ख पेटेल, करंट पावणेदोन अँपिअरवर अडेल, वायर तापणार नाही. मग हार्नेस (वायरींचा जुडगा) हलवत जा, डिकीच्या बिजागरीजवळ आणि दाराच्या रबरी नळीत आधी. जिथे हात लावल्यावर बल्ब मंदावला, तिथे वायर घासलेली आहे.

तिसरा_गिअर
@एकवीस_वॅट, माझा लेख नीट वाचा. मी ओहम मोजायला कुठे सांगितलंय? सेल्फ फिरत असताना व्होल्टेज ड्रॉप (वाटेत गळणारे व्होल्ट) मोजायला सांगितलंय, म्हणजे भाराखालीच.

आणि तुमचा बल्ब सरसकट सगळीकडे लावणं धोक्याचं आहे. ईसीयू किंवा बॉडी मॉड्यूलमधून निघणाऱ्या बऱ्याच वायरी काही मिलिअँपिअरसाठीच असतात. तिथे पावणेदोन अँपिअर ओढलात तर आतला ट्रान्झिस्टर गेला. सेन्सरच्या ५ व्होल्टच्या वायरीवर बल्ब लावला तर सगळेच सेन्सर एकदम चुकीचं बोलू लागतात. ईसीयू जळण्याची जी भीती घातली जाते, ती खरी ठरते ती तुमच्या बल्बमुळे.

एकवीस_वॅट
सेन्सरवर बल्ब लावा असं मी म्हटलंय का? हेडलाइट, हॉर्न, पंखा, पंप, मागचे दिवे याबद्दल बोलतोय. घरी येणारे बहुतेक दोष तिथलेच असतात. तोंडात शब्द कोंबू नका.

पिवळा_कनेक्टर
नवख्या माणसाला कुठली वायर मॉड्यूलमधून येते आणि कुठली रिलेतून (मोठा करंट जोडणाऱ्या स्विचमधून), हे कोण सांगणार? वायरिंग डायग्राम हातात नसताना बल्ब लावणं म्हणजे अंदाजपंचे. आधी डायग्राम, मग काहीही.

एकवीस_वॅट
बरं, एवढं मान्य. डायग्राम नसेल तर एलईडी टेस्टर वापरा, तो फार थोडा करंट ओढतो. पण भार तपासायचा असेल तिथे बल्बच, यावरून मी हटणार नाही.

निळी_वायर
तुमचं बल्ब-मीटर संपलं असेल तर मूळ रोगाबद्दल बोलूया का? कंपनीच्या वायरिंगपेक्षा नंतर बसवलेल्या वस्तू जास्त त्रास देतात. कॅमेरा, मोठा हॉर्न, फॉग लॅम्प, आणि त्यांच्यासाठी चालू वायरीला चिमटा मारून काढलेली फांदी. तो चिमटा काही तारा कापतो, पावसाळ्यात गंजतो, आणि दोष चौथ्याच ठिकाणी दिसतो.

तीन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते, ही तक्रार बहुतेक याच गटातली. बंद गाडीने ५० मिलिअँपिअरच्या आत ओढावं. ३०० ओढत असेल तर दिवसाला ७.२ अँपिअर-अवर जातात, म्हणजे ४५ ची बॅटरी तीन दिवसांत निम्मी.

मोजताना घाई करू नका. बोनेट उघडा, त्याच्या कुलपाची जीभ स्क्रूड्रायव्हरने बंद करून ठेवा, दारं लॉक करा, किल्ली दूर न्या आणि अर्धा-पाऊण तास थांबा. मॉड्यूल झोपायच्या आधीचा आकडा निरर्थक असतो. त्यानंतर फ्यूज उपटत बसू नका, उपटून परत बसवलात की मॉड्यूल जागं होतं. फ्यूजच्या डोक्यावर दोन उघडे ठिपके असतात, तिथे मीटर २०० मिलिव्होल्टवर लावा. १० अँपिअरच्या फ्यूजचा रोध साधारण साडेसात मिलिओहम असतो. ०.७ ते ०.८ मिलिव्होल्ट दिसले तर त्या फांदीवर १०० मिलिअँपिअर वाहताहेत.

पिवळा_कनेक्टर
ही फ्यूजवरची पद्धत उत्तम आहे, यात माझा आक्षेप नाही. गाडी उघडत नाही, काही तोडत नाही. मीटर मालिकेत लावून बसणाऱ्यांचं दार कुणीतरी उघडतं किंवा किल्ली फिरवतं आणि मीटरचा फ्यूज जातो.

पण @तिसरा_गिअर, तुमचे १३.८ ते १४.५ सगळ्या गाड्यांना लागू नाहीत. निगेटिव्ह टर्मिनलवर बॅटरीचा करंट मोजणारा छोटा सेन्सर असलेल्या गाड्यांत चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त होतं. साडेबारा दिसले म्हणून अल्टरनेटर बदलू नका, हेडलाइट आणि मागची काच तापवायचं बटण लावून परत मोजा. त्याच गाड्यांना चार्जर लावताना काळा चिमटा बॉडीच्या अर्थवर लावायचा. खांबावर लावलात तर सेन्सरच्या हिशेबात तो करंट येतच नाही.

तिसरा_गिअर
सेन्सरचं राहिलं होतं, चूक माझी. एअरबॅगचंही लिहायला हवं होतं. मूळ लेखात घालतो: पिवळे आणि नारिंगी कनेक्टर घरी अजिबात नाहीत, आणि त्यांच्या आसपास काम असेल तर निगेटिव्ह काढून कंपनीच्या पुस्तिकेत दिलेली वेळ थांबायचं. पण "फ्यूजपलीकडे हात लावू नका" हे मला अजूनही पटत नाही. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतो, हा मागच्या दिव्याच्या अर्थचा दोष आहे. परतीची वाट बंद झाली की करंट शेजारच्या बल्बमधून वाट काढतो. १० नंबरचा पाना, सँडपेपर, पंधरा मिनिटं.

पिवळा_कनेक्टर
तेवढं करा. मात्र घासल्यावर बोल्टवर ग्रीस लावायला सांगा, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात तोच दिवा परत.