मॉरिस मायनरचा डिस्ट्रिब्युटर: नवा घ्यावा की जुनाच ओव्हरहॉल करावा?

कुर्टीचा मॉरिसवाला

आमच्या घरी १९६१ सालची मॉरिस मायनर १००० आहे. इंजिन ९४८ सीसीचे मूळचेच आहे. आजोबांनी ती पोर्तुगीज अमलाच्या अखेरच्या वर्षी घेतली होती आणि आजही ती चवथीला व लग्नकार्याला बाहेर निघते. गेल्या पावसाळ्यापासून ती संथ चालीत मधूनच मिसिंग मारते आणि केरीहून चोर्ला घाट चढू लागली की ओढ कमी पडते. प्लग, वायरी आणि कॉइल बदलून झाले. कार्ब्युरेटरही साफ केला, तरी दोष तसाच आहे. टायमिंग लाइट लावला असता पुलीवरील खाच एका जागी न थांबता काट्याच्या आजूबाजूला नाचताना दिसते.

डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे कॉइलची ठिणगी वेळेवर प्रत्येक प्लगला वाटणाऱ्या भागाच्या (आम्ही त्याला डेल्को म्हणतो), अंगावर लुकास ही कंपनी आणि २५ डी ४ हे मॉडेल असे ठसे आहेत. आमच्या गॅरेजमधील मेस्त म्हणतात की आता याच्यात जीव उरलेला नाही, बाहेरून नवा मागवा. दुसऱ्या एका कारागिराने लेथवर पितळी बुश (डेल्कोचा शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) करून देण्याची तयारी दाखवली आहे. परदेशातून ओव्हरहॉल केलेला डेल्को मागवण्याचा तिसरा मार्गही आहे, पण त्यात आपला जुना त्यांना द्यावा लागतो. तिन्हींपैकी कोणता मार्ग धरावा, हे जाणकारांनी सांगावे.

मडगावचा जुना फिटर

कोणताही मार्ग धरण्यापूर्वी नेमके काय झिजले आहे ते मोजून घ्या, कारण डेल्को हा एकच भाग वाटत असला तरी त्यात चार वेगवेगळी कामे चालतात आणि बहुधा त्यांतील एखाददुसरेच बिघडलेले असते.

रोटर (कॅपखाली शाफ्टवर फिरणारा तुकडा) काढून शाफ्टचे टोक बोटांनी आडवे हलवून पाहा. पॉइंट (ठिणगीसाठी कॉइलचा प्रवाह तोडणारे दोन संपर्क) पूर्ण उघडे असताना त्यांच्यात फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पाती, लावा (या डेल्कोला १४ ते १६ थाऊ, म्हणजे हजारांश इंच, गॅप सांगितलेला आहे) आणि शाफ्ट एका बाजूला व मग दुसऱ्या बाजूला दाबून गॅप किती बदलतो ते लिहून ठेवा. गॅप बदलला की टायमिंगही, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळही, बदलते, म्हणूनच तुमची खाच नाचते. पॉइंट उघडणाऱ्या शाफ्टवरील चारही उंचवट्यांवर (लोबवर) गॅप वेगवेगळा येत असेल, तर दोष बुशचा किंवा शाफ्टचा समजावा.

त्यानंतर रोटर बसवून तो शाफ्ट फिरतो त्या दिशेने हाताने पिळा आणि सोडा. तो स्प्रिंगने झटकन मागे आला पाहिजे. येथे एक सावधगिरी सांगतो. आत वेगाबरोबर फाकणाऱ्या वजनांच्या दोन स्प्रिंगा असतात. त्यांतील एक ताठ बसते आणि दुसरीची कडी मुद्दाम सैल ठेवलेली असते, कारण ती वरच्या आरपीएमलाच कामाला लागायची असते. कित्येक मेस्त ती सैल पाहून 'ओढली गेली' असे समजतात आणि आखडून बसवतात. मग वरच्या वेगात अडव्हान्स (ठिणगी आधी पडणे) मिळत नाही आणि घाटात गाडी दम टाकते.

व्हॅक्यूमच्या, म्हणजे इंजिनाच्या ओढीने अडव्हान्स देणाऱ्या, डबीची नळी कार्ब्युरेटरकडून सोडवा, तोंडाने ओढा आणि जिभेने बंद करा. आतली प्लेट सरकून तिथेच टिकली तर डायफ्रॅम शाबूत आहे. हळूहळू परतली तर फाटला आहे. त्या डबीवर तीन आकडे ठोकलेले असतात, समजा ५-१७-८. याचा अर्थ व्हॅक्यूम पाऱ्याच्या ५ इंचांइतका असताना अडव्हान्स सुरू होतो, १७ इंचांवर पूर्ण होतो आणि तो डेल्कोचे ८ अंश, म्हणजे क्रँकचे १६ अंश असतो, कारण डेल्को इंजिनच्या निम्म्या गतीने फिरतो. तुमच्या डबीवरील आकडे आणि अंगावरील पाच आकडी नंबर आधी वहीत लिहा, मगच कोणाला पैसे द्या.

पितळी बुश मात्र करू नका. मूळचा बुश सच्छिद्र असतो आणि तेल आपल्या अंगात धरून ठेवतो. बसवण्यापूर्वी तो चोवीस तास इंजिन ऑइलमध्ये बुडवायचा असतो आणि बसवल्यावर आतून रीमर (भोक रुंदावणारे हत्यार) फिरवायचा नसतो. रीमर फिरवला की छिद्रे बुजतात आणि शाफ्ट कोरडा चालतो.

म्हापशाचा एक अनुभवी

वरील सर्व मान्य आहे. नव्या डेल्कोबाबत मात्र माझ्या खिशाला बसलेला चटका सांगतो, म्हणजे दुसरा कोणी फसणार नाही. मी दोन वर्षांपूर्वी माझ्या मायनरसाठी एका विक्रेत्याकडून चकचकीत नवी नक्कल मागवली. ती बसली अगदी बिनचूक, कारण खालचा खाचेचा ड्राइव्ह एका बाजूला सरकवलेला असल्यामुळे तो उलटा बसूच शकत नाही. संथ चालीला टायमिंगही नेमके लागले आणि मी खूश झालो. पहिल्याच चढाला इंजिनातून खडखड ठोका येऊ लागला. ठोका थांबावा म्हणून टायमिंग चार अंश मागे घेतले, तर सपाटीवर निघताना गाडी मरगळल्यासारखी झाली. हे असे रस्सीखेच महिनाभर चालले.

टायमिंग लाइट लावून आरपीएम टप्प्याटप्प्याने वाढवत गेलो तेव्हा कारण कळले. त्या नकलेत अडव्हान्स फार लवकर पूर्ण होत होता. लुकासने मायनर, मिनी आणि एमजी यांसाठी बाहेरून सारखे दिसणारे डेल्को केले, पण प्रत्येक इंजिनासाठी आतली वजने, स्प्रिंगा आणि व्हॅक्यूमची डबी वेगळी जुळवली. नक्कल करणारा सगळ्यांसाठी अडव्हान्सचे एकच प्रमाण ठरवतो. शिवाय माझ्या नकलेत टायमिंग बारीक सरकवण्याचा कंगोरेदार नटही नव्हता. २५ डी ४ मध्ये तो असतो आणि अकरा 'टिक' फिरवले की साधारण एक अंश सरकतो. घाटाच्या पायथ्याशी बॉनेट उघडून दोन अंश मागे घ्यायची सोय त्यानेच होते. ती नक्कल आता माझ्या कपाटात आहे, आणि जुनाच डेल्को ओव्हरहॉल करून मी गाडी चालवतो.

पर्वरीहून

एवढ्या खटाटोपापेक्षा पॉइंट काढून मॅग्नेटिक रिंगचे इलेक्ट्रॉनिक किट बसवावे, असे माझे मत आहे. आपल्याकडची दमट हवा पॉइंटवर गंज धरते, आणि बाजारात सध्या मिळणारे कंडेन्सर इंजिन तापले की दगा देतात. माझ्या गाडीत किट बसवल्यापासून मी डेल्कोची कॅप वर्षातून एकदाच, तीही पुसण्यासाठी उघडतो.

मडगावचा जुना फिटर

किटला माझा विरोध नाही, पण ते कोणत्या रोगावरचे औषध आहे हे समजून घ्यावे. किट पॉइंटची झीज टाळते. डुलणाऱ्या शाफ्टवर बसवले तर रिंगही डुलते आणि ठिणगी पुढेमागे पडतच राहते. बंद पडलेला अडव्हान्सही त्याने चालू होत नाही. शिवाय मायनर मुळात पॉझिटिव्ह अर्थची (बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेली) गाडी आहे, तर बहुतेक किटे निगेटिव्ह अर्थची येतात. चुकीचे लावले तर पहिल्याच चावीला मॉड्यूल जळते. इंजिन बंद असताना इग्निशन चालू राहिले तरीही काही मॉड्यूल टिकत नाहीत. पॉइंट निदान रस्त्याच्या कडेला, हातातल्या पॉलिश पेपरने घासून घरी तरी पोहोचवतात.

कुर्टीचा मॉरिसवाला

सर्वांचे आभार. काल रविवारी डेल्को काढून टेबलावर वर्तमानपत्र पसरून तपासला. शाफ्ट एका बाजूला दाबला की गॅप १५ थाऊ, दुसऱ्या बाजूला २२ थाऊ! व्हॅक्यूमची प्लेट जिभेवर टिकली. दोन्ही स्प्रिंगा मात्र ताठ होत्या, म्हणजे कोणीतरी कधीतरी 'सुधारणा' केली असावी. आणखी एक गोष्ट सापडली: पॉइंटच्या प्लेटला अंगाशी जोडणारी कापडी वेष्टणाची छोटी अर्थ वायर आतून तुटलेली होती. नुसत्या वेष्टणाच्या आधाराने ती लोंबत होती. प्लेट सरकली की स्पर्श सुटत असणार. पावसाळ्यातली मिसिंग बहुधा तिच्यामुळेच असावी. कॅपच्या आतही केसाएवढी काळी रेघ दिसली, म्हणून कॅप बदलत आहे.

एकंदरीत डेल्को घरीच ठेवतो आणि फक्त सच्छिद्र बुश, स्प्रिंगांची जोडी, अर्थ वायर व कॅप मागवतो. बुश आल्यावर तो बरणीत तेलात बुडवून ठेवीन. आता प्रश्न एवढाच की शाफ्ट बाहेर काढण्यासाठी खालची पिन ठोकून काढताना काय जपावे?

मडगावचा जुना फिटर

पिन ठोकण्यापूर्वी रोटर ज्या दिशेला आहे त्याची आणि खालच्या ड्राइव्हच्या पातळ बाजूची, दोन्हींची अंगावर रेघ मारून खूण करा. ड्राइव्ह शाफ्टवर उलटाही बसतो आणि तसा बसला की रोटर अर्धा वळसा चुकतो; मग इंजिन चालू होत नाही आणि लोक कॉइलला शिव्या देत बसतात. पिन नवी वापरा. शाफ्टवर जुन्या बुशने पाडलेली पायरी नखाला लागते का, तेही बघा. लागली तर नवा बुशही फार दिवस टिकणार नाही आणि मग शाफ्टचा वेगळा विचार करावा लागेल. सगळे जोडल्यावर रोटरखाली दिसणाऱ्या स्क्रूच्या डोक्यावर तेलाचे दोनच थेंब सोडा.