कारखान्यांवरच्या अमेरिकन कादंबऱ्यांनी कामगारांचं खरंच काही भलं केलं का?

ऐरोलीकर:
नमस्कार मंडळी, नोकरी सांभाळून इंग्रजीत एम.ए. करतोय. अमेरिकन कादंबरीच्या पेपरला औद्योगिकीकरण आणि सुधारणा चळवळी असा भाग आहे आणि जी नोट्स बघावी त्यात तेच, अप्टन सिंक्लेअरने मांसाच्या कारखान्यांवर 'द जंगल' लिहिली आणि १९०६ मध्ये अन्न तपासणीचा कायदा झाला. पण ज्या कामगारांवर लिहिलं त्यांच्या पदरात काय पडलं? आणि त्याच्या आधी कुणी लेखक कारखान्यात डोकावलाच नव्हता का? रोज ठाणे-बेलापूर रोडने जातो, केमिकल कंपन्यांच्या जागी काचेच्या बिल्डिंगा उभ्या राहिल्यात, त्यामुळे हा प्रश्न मला नुसता परीक्षेपुरता वाटत नाही.

वाचनवेडी_ठाणे:
कामगारांच्या पदरात त्या कायद्यातून जवळपास काहीच पडलं नाही. सिंक्लेअर शिकागोच्या कत्तलखान्यांच्या भागात सात आठवडे राहिला, कामगारांत मिसळला, आणि लिथुआनियाहून आलेल्या युर्गिसची गोष्ट लिहिली. पगार, दुखापती, घराच्या हप्त्यात झालेली फसवणूक, बायको-मुलाचा मृत्यू, सगळं त्यात आहे. लोकांनी मात्र धसका घेतला तो सडक्या मांसाचा, कारण ते त्यांच्या ताटात येत होतं! जून १९०६ मध्ये मांस तपासणीचा आणि शुद्ध अन्न-औषधांचा असे दोन कायदे झाले, कामाचे तास आणि मजुरी होती तिथेच राहिली. तपासणीचा खर्चसुद्धा सरकारने उचलला, मोठ्या कंपन्यांना तेच हवं होतं. सिंक्लेअर स्वतः म्हणाला की मी लोकांच्या काळजावर नेम धरला होता, लागला चुकून पोटाला. परीक्षेत हे नक्की लिहा.

आणि आधी कुणी डोकावलं नव्हतं असं अजिबात नाही, बायकांनी डोकावलं होतं. रिबेका हार्डिंग डेव्हिसची 'लाइफ इन द आयर्न मिल्स' एप्रिल १८६१ ची, म्हणजे सिंक्लेअरच्या पंचेचाळीस वर्षं आधीची. ह्यू वुल्फ हा लोखंडाच्या कारखान्यातला भट्टीवरचा कामगार, लोखंड गाळून उरलेल्या मळीतून मूर्ती कोरतो. एका रात्री मालकाचा मुलगा आणि त्याचे पाहुणे कारखाना बघायला येतात, अंधारात ती बाईची मूर्ती दिसते आणि सगळे दचकतात. ही काय सांगतेय असं विचारल्यावर ह्यू एवढंच म्हणतो की तिला भूक लागलीय. त्यातला डॉक्टर भारावून जातो, तू मोठा शिल्पकार होशील म्हणतो, मग ह्यू विचारतो, मदत कराल का? तर डॉक्टर म्हणतो, माझ्याकडे पैसे नाहीत. सहानुभूती किती लांब जाते आणि कुठे थांबते हे तिने त्या एका प्रसंगात दाखवलंय, आणि मला ते 'द जंगल'पेक्षा जास्त टोचतं. पुढे एका पाहुण्याचं पाकीट चोरीला जातं, त्या चोरीसाठी ह्यूला एकोणीस वर्षांची शिक्षा होते आणि तो तुरुंगात जीव देतो.

एलिझाबेथ स्टुअर्ट फेल्प्सही बघा. १० जानेवारी १८६० ला मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्समध्ये पेम्बर्टन कापड गिरणी कोसळली, बिडाचे खांब सदोष होते, माणसं ढिगाऱ्यात अडकलेली असताना वर आग लागली. त्यावर तिची कथा १८६८ मध्ये आली.

घणसोलीचा_भूमिपुत्र:
ताईंचं पटलं, पण कादंबरीने कायदा झाला का या एकाच मापाने का मोजायचं? आमचं घर प्रकल्पग्रस्तांचं, जमिनी संपादनात गेल्या, उरणजवळच्या जासईच्या १९८४ च्या शेतकरी आंदोलनाच्या गोष्टी लहानपणापासून ऐकतोय. स्टाइनबेकची 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' (१९३९) वाचताना ट्रॅक्टरच्या प्रकरणाला मी पुस्तक बाजूला ठेवलं, पुढे वाचवेना. घर पाडायला आलेला ट्रॅक्टरवाला ओळखीच्याचाच पोरगा असतो, दिवसाला तीन डॉलर मिळतात म्हणून आलेला. शेतकरी म्हणतो गोळी घालीन, तर तो म्हणतो उद्या दुसरा येईल. मग कुणाला मारू? बँकेच्या माणसाला? त्यालाही वरून ऑर्डर असते. समोर माणूस उभा आहे आणि तरी भांडायला कुणी सापडत नाही, हे आमच्या आजोबांनी ऑफिसांच्या पायऱ्या झिजवताना भोगलंय. कायदा झाला नाही तरी आपल्यावर काय झालं हे कळायला पुस्तक लागतं की नाही?

ऐरोलीकर:
दादा, हे वाचून थोडा वेळ काही टाइपच झालं नाही. धन्यवाद. ताई, डेव्हिस बाई असून तिला कारखान्यातली इतकी माहिती कशी?

वाचनवेडी_ठाणे:
ती व्हीलिंग गावात वाढली, लोखंडाचे कारखाने तिथेच होते, धूर आणि पहाटे कामावर जाणारी माणसं रोज डोळ्यासमोर. पण ती खात्यापित्या घरची होती, म्हणून गोष्ट सांगणारा कुणीतरी खिडकीतून बघतोय अशीच सुरुवात केलीय, आणि वाचकाला थेट म्हणते की कपड्यांची पर्वा न करता माझ्याबरोबर खाली चिखलात उतर. गोष्ट आधी निनावी छापली, त्याच महिन्यात तिकडे यादवी युद्ध सुरू झालं. नंतर ती विसरली गेली ती पार १९७२ पर्यंत, तेव्हा टिली ओल्सन या अमेरिकन लेखिकेने पुन्हा पुढे आणली. प्रोजेक्ट गुटेनबर्ग या वेबसाइटवर फुकट आहे, एका बैठकीत होते. आधी ती वाचा, मग 'द जंगल'ची पहिली दहा प्रकरणं, शेवटची समाजवादावरची भाषणं परीक्षेनंतर वाचलीत तरी चालतील.