मदत हवी आहे: फॅटी लिव्हर आणि सकाळची शुगर, काही संबंध असतो का?

नमस्कार मंडळी, नवऱ्याचं वय ४३, ऑफिसतर्फे चेकअप झालं त्यात ग्रेड २ फॅटी लिव्हर निघालं. एसजीपीटी (लिव्हरची रक्ततपासणी) ७२, उपाशीपोटी शुगर ११४, जेवणानंतरची १३२, एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर) ६.१. हा माणूस दारूला शिवलेला नाही, आणि रिपोर्ट बघून सासूबाई पहिलं काय म्हणाल्या तर "खरं सांग, पार्ट्यांत घेतोस ना?" तेव्हापासून फाइल कपाटात शर्टांखाली आहे.

मला कळत नाही ते असं की रात्री साडेआठला जेवून सकाळपर्यंत पोटात कण नाही, तरी सकाळचीच शुगर जास्त आणि जेवल्यावरची बरी, हे उलटं कसं? वजन ७१, उंची ५ फूट ७, म्हणजे जाडा नाही, फक्त पोट सुटलंय. डॉक्टर म्हणाले वजन कमी करा, तीन महिन्यांनी या, झालं. मेडिकलवाल्याने लिव्हर टॉनिक दिलंय, ते चालू करू का?

प्रतिसाद:
ताई, मी डॉक्टर नाही, पण माझे रिपोर्ट असेच होते म्हणून लिहितोय. रात्री शुगर जेवणातून येत नाही, लिव्हरच बनवून रक्तात सोडतं आणि इन्सुलिन त्याला पुरे म्हणतं. चरबी साठलेलं लिव्हर ते ऐकेनासं होतं, मग पहाटेपर्यंत कारखाना चालूच. इन्सुलिन वाढत जातं आणि त्याने लिव्हरमध्ये अजून चरबी बनते, दोन्हीकडून मार. दारूच लागते असं नाही. वजनापेक्षा पोटाचा घेर बघा, आपल्याकडे पुरुषांना ९० सेंमीच्या आत हवा. टेप लावून मोजा, पँटच्या नंबरावर जाऊ नका, पँट आपण पोटाखाली घालतो! साडेतीन किलो, म्हणजे ५ टक्के गेलं तरी लिव्हरची चरबी उतरायला लागते, सूज कमी व्हायला ७ ते १० टक्के लागतात. टॉनिक डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, आणि फायब्रोसिस (लिव्हरवर व्रण पडून ते कडक होणं) बघायला फिब-४ हा स्कोअर काढायचा का तेही विचारा, वय, एसजीओटी (हीही लिव्हरची रक्ततपासणी), एसजीपीटी आणि प्लेटलेटवरून निघतो.

धागाकर्ती:
खूप आभार दादा. टेप लावली, ९८ भरली, आणि पँट ३४ची घालतो हो! चौकशीत अजून एक निघालं, ऑफिसखालच्या गाड्यावर रोज मोठा ग्लास मोसंबी ज्यूस, वर साखर, "फळच तर आहे" म्हणे. हा पूर्ण बंद करायचा की बिनसाखरेचा चालेल?