गुहागरजवळचं आजोळचं घर होमस्टेसाठी करतोय, इंटिरियरचा खर्च नक्की कुठे करावा?

चिरेबंदी_८२
नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यात समुद्रापासून दीडेक किलोमीटरवर आमचं आजोळचं घर आहे, जांभ्याच्या चिऱ्याचं, मंगळुरी कौलं, पुढे खळं मग पडवी, ओटी, माजघर, मागे विहीर आणि माडापोफळीची बाग. मामा गेल्यापासून बंदच होतं, आता मी आणि मामेबहीण मिळून ते पाहुण्यांसाठी उघडायचं म्हणतोय पण गर्दी नकोय, चारच खोल्या आणि रात्रीचे १२-१३ हजार घेता येतील असं. पुण्यातल्या एकांकडून प्लॅन करून घेतला त्यात जिप्समचं फॉल्स सीलिंग, भिंतींना पुट्टी आणि पांढरा प्लॅस्टिक पेंट, खाली चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स, एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळ्यांची) कपाटं आणि ओटीवरचा झोपाळा काढून तिथे रिसेप्शन. एकूण ३८ लाख. चित्रं बघायला छान वाटतात पण बहीण म्हणाली "यात आजीचं घर कुठाय?" आणि तेव्हापासून मला चैन नाही. एवढे पैसे मोजणाऱ्या माणसाला काय हवं असतं? ज्यांनी केलंय त्यांनी प्लीज सांगा.

नागावची_पडवी
दादा झोपाळा काढू नका, आधी तेवढं ऐका. आमच्याकडे अलिबाग साइडला सहा वर्षं होमस्टे आहे, पाहुणे सकाळचा चहा घेऊन झोपाळ्यावर बसतात ते अकरापर्यंत उठत नाहीत.
पुट्टी आणि प्लॅस्टिक पेंट आम्ही केलेला, पहिल्याच पावसाळ्यात पोपडे आले. चिरा पाणी पितो हो, त्याला ते बाहेर सोडायला वाट लागते, वरून प्लॅस्टिक चढवलं की ओल आतच राहते आणि मग बुरशी आणि तो कुबट वास. तो वास एकदा गादी-उशीत बसला की कितीही उदबत्त्या लावा जात नाही. शेवटी सगळं खरवडून चुन्याचा गिलावा केला, खर्च दोनदा झाला.
फॉल्स सीलिंगचं पण तेच. कौलं कधीतरी गळणारच, माकडं नाचली की फुटतात, आमच्याकडे तर २०२० च्या निसर्ग वादळात अर्धी उडाली. खाली जिप्सम असेल तर गळती कुठून आहे ते कळत नाही, डाग दिसेपर्यंत वासा कुजलेला असतो.

रत्नागिरी_नकाशे
मी आर्किटेक्ट आहे, जुन्या घरांचीच कामं जास्त करतो. वरच्या ताईंचं बरोबर आहे, थोडी भर घालतो.

जमिनीला टाइल्स नकोत, ओल्या पायाने समुद्रावरून आलेला माणूस चकचकीत टाइलवर घसरतो. लाल कोबा करा म्हणजे लाल रंग घातलेली घोटीव सिमेंटची जमीन, चांगला घोटणारा मिस्त्री मिळाला तर दहा वर्षांनी तो आणखी देखणा दिसतो. नाहीतर कोटा दगडाची फरशी, पॉलिश न केलेली.

एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड कोकणात फुगतात. ज्या सामानाला प्लाय लागेलच तिथे आयएस ७१० या भारतीय मानकाचा मार्क असलेला, पाण्याला टिकणारा मरीन प्लाय घ्या, बाकी फणसाचं किंवा जुन्या सागाचं लाकूड. तुमच्या माळ्यावर जुने पाट, पेट्या, दाराच्या फळ्या पडल्या असतील, त्या फेकायच्या आधी एकदा सुताराला दाखवाच. बिजागऱ्या, कड्या, नळ, शॉवर यात कंजूसी नको. साधं स्टेनलेस स्टील म्हणजे ३०४ ग्रेडचं, ते खाऱ्या हवेत डाग धरतं, ३१६ ग्रेडमध्ये मॉलिब्डेनम धातू असतो म्हणून ते टिकतं. महाग आहे पण दरवर्षी बदलण्यापेक्षा परवडतं.

एसीबद्दल. कौलाखाली खोली बंद होत नाही म्हणून लोक फॉल्स सीलिंग करतात. त्याऐवजी खोलीवर लाकडी फळ्यांचा माळा करा, फळ्यांच्या वर इन्सुलेशन, आणि माळ्यावर माणूस चढून वासे तपासू शकेल एवढी जागा. खोली थंड राहते आणि ओटी-पडवीला कौलं उघडीच दिसतात.

श्रीलंकेत तिथले आर्किटेक्ट जेफ्री बावा यांचं लुनुगंगा हे घर आणि बाग बघा, आता तिथे राहायला खोल्या मिळतात. खोल पडव्या, सिमेंटच्या साध्या जमिनी, जुनी दारं आणि बाहेरची बाग हीच तिथली श्रीमंती. हवामान आपल्यासारखंच आहे.

दर_डिसेंबरला_कोकण
मी दुसरी बाजू सांगते कारण मी पैसे देणारी आहे. आम्ही दरवर्षी आईबाबांना घेऊन फिरतो आणि "पारंपरिक घर" म्हणून घेतलेल्या ठिकाणी दोनदा वाईट अनुभव आला. खोलीत एकच पिवळट बल्ब, बाथरूमची फरशी दिवसभर ओली, उंबरा एवढा उंच की बाबा रात्री अडखळले, गादी मधे खचलेली. घर कितीही सुंदर असो, झोप लागली नाही तर १२ हजार जिवावर येतात.
मला हवं ते सांगते. चांगली गादी, पांढऱ्या सुती चादरी, गरम पाणी, आंघोळीची जागा वेगळी आणि बाकीचं बाथरूम कोरडं, धरायला कठडा, उशाशी वाचायचा दिवा, तिथेच बटण आणि चार्जिंग. खिडक्यांना जाळी. एवढं असेल तर भिंतीवर काही नसलं तरी चालेल.

रत्नागिरी_नकाशे
@दर_डिसेंबरला_कोकण अगदी मान्य, बाथरूमचं मी लिहायला हवं होतं. जुन्या घरात बाथरूम माजघराच्या भिंती फोडून आत घुसवू नका, परसाच्या बाजूने नवी पडवी उतरवून तिथे काढा म्हणजे पाण्याच्या लाइनी जुन्या चिऱ्याला लागत नाहीत. आणि खोली दोन-तीन आठवडे रिकामी असली की नहाणी ट्रॅपमधलं (जमिनीतल्या जाळीखाली वास अडवायला साठून राहणारं) पाणी सुकतं, गटाराचा वास आणि झुरळं तिथून येतात. दर आठवड्याला एक तांब्या पाणी ओतायचं, बस.

नागावची_पडवी
चादरींचं एक. प्रत्येक पलंगाला तीन सेट सगळे सांगतात, पावसाळ्यात चार लागतात, कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. आणि विहिरीच्या पाण्यात लोह असेल तर पांढरं पिवळं पडतं, आधी पाणी तपासून घ्या.

चिरेबंदी_८२
सगळ्यांचे मनापासून आभार, बहिणीला आख्खा धागा वाचून दाखवला. ठरवलंय की चारऐवजी तीनच खोल्या, त्यातली एक उंबरा नसलेली ज्येष्ठांसाठी, पैसे आधी कौलं, चुना, बाथरूम आणि गाद्यांना. काम दिवाळीनंतर सुरू करू म्हणजे मेपर्यंत चुना नीट सुकेल. झोपाळा राहतोय.
एकच शंका, आजीचं तांब्याचं मोठं घंगाळ आहे, ते वॉशबेसिन म्हणून बसवावं असं बहिणीच्या मनात आहे. कोणी केलंय का?

नागावची_पडवी
त्याला भोक पाडू नका हो. पडवीच्या पायरीशी भरून ठेवा, शेजारी तांब्या आणि पंचा. समुद्रावरून वाळूचे पाय घेऊन माणसं येतात तेव्हा आत शिरायच्या आधी पाय धुतील, आजी असती तर तिनेही तेच सांगितलं असतं ना.