रि: रि: ढोलपथकाचा वेव्हर – पालकाची सही अडली आहे

मीनल (ढोलपथक): मंडळी, गुरुवारपर्यंत सगळे वेव्हर (इजा झाली तर दावा करणार नाही, अशी सही केलेली हमी) पार्कवाल्यांकडे जायला हवेत. एकच अडलाय. ताशावाली आपली सतरा वर्षांची मुलगी इमॅन्सिपेटेड आहे, म्हणजे अठराच्या आत असूनही कायद्याने आईबापांपासून स्वतंत्र. कोर्टाची ऑर्डर आहे, वेगळी राहते, स्वतः कमावते. फॉर्मवर "१८ खालील: पालकाची सही" असा रकाना आहे. तिचीच सही चालेल का? नाव लिस्टवर घेऊ नका, प्लीज.

सुहास (खजिनदार): विमावाले ऐकणार नाहीत. लेझीमच्या वेळचं सगळ्यांना आठवत असेलच. आईची सही आणा. आई इथेच तर असते, हळदीकुंकवाला भेटते की.

अनघा: सुहास, आईच्या सहीला इथे अर्थ नाही. कॅलिफोर्निया फॅमिली कोड, कलम ७०५०. ऑर्डर झाली की आईबापांचा ताबा संपतो, पोसायची जबाबदारी संपते, मुलीच्या हातून काही घडलं तर पालक म्हणून त्यांच्यावर येणारी जबाबदारीही संपते. आणि तिने केलेला करार तिच्यावर बंधनकारक. एरवी अठराच्या आतलं पोर "मी लहान होतो" म्हणून करारातून अंग काढून घेऊ शकतं, हिला ती पळवाट नाही. त्या रकान्यात आईची सही म्हणजे शेजारणीची सही. "इमॅन्सिपेटेड मायनर" असं लिहून तिची सही घ्या, सोबत डीएमव्हीच्या (इथलं वाहन परवाना खातं) ओळखपत्राची प्रत. तशी नोंद असलेलं कार्ड मिळतं. कोर्टाची ऑर्डर मंडळाच्या ड्राइव्हवर टाकायची नाही.

वसंतकाका: हे इकडचं काहीतरीच. आमच्याकडे भारतात १८७५ च्या कायद्याने अठरा म्हणजे अठरा. उलट कोर्टाने पालक नेमला असेल तर एकवीस! साताऱ्याच्या माझ्या मित्राचे वडील गेले, जिल्हा कोर्टाने चुलत्यांना पालक नेमलं. आम्ही अठराव्या वर्षी सज्ञान झालो आणि हा स्वतःच्या जमिनीच्या कागदावर सही करायला एकविसाची वाट बघत बसला. तो नियम १९९९ ला गेला. चौदाव्या वर्षी कोर्टात जाऊन मोठं व्हायचं, हे मला पटत नाही.

अनघा: काका, चौदा हे किमान वय आहे. मागितलं की मिळतं असं नाही. आईबापांच्या संमतीने किंवा निदान त्यांच्या हरकतीशिवाय वेगळं राहायचं, स्वतःचा पैसा स्वतः सांभाळायचा, कमाई बेकायदा नको, हे सगळं न्यायाधीशापुढे मांडावं लागतं. ऑर्डर खोटं सांगून मिळवली असेल किंवा पुढे पोट भरायचं साधन उरलं नाही, तर रद्दही होते.

संज्योत: म्हणजे घरच्यांनी टाकलं तिला?

मीनल: संज्योत, तो विषय नाही. सराव शनिवारी आहे.

प्रसाद: मग तिला कुटुंब सभासदत्वातून काढून सिंगल द्यायचं का? एजीएमला, मंडळाच्या वार्षिक सभेला, मत देणार ती?

सुहास: आपल्या मंडळाच्या घटनेत मतदार सभासद १८ पूर्ण. कोर्टाची ऑर्डर असो वा नसो, घटनादुरुस्तीशिवाय होणार नाही. सरकारी निवडणुकीतसुद्धा तिला मत नाहीच. आणि दिवाळी पार्टीत बारचा मनगटी पट्टाही मिळणार नाही, त्याला २१ लागतात.

प्रसाद: बारचं कोणी विचारलं?

सुहास: दरवर्षी कोणीतरी विचारतंच, म्हणून आधीच सांगितलं.

डॉ. नीता: खालचा वैद्यकीय उपचारांचा रकाना कोणी पाहिला का? तिथेही तिचीच सही. उपचारांना संमती ती स्वतः देते. इमर्जन्सी कॉन्टॅक्ट मात्र तिला हवा तो लिहू द्या. आपण आपल्या मनाने आईचा नंबर टाकायचा नाही. गेल्या वर्षी ताशाच्या काठीने एकाची भुवई फुटली होती, तेव्हा अर्धा तास नंबर शोधण्यातच गेला.

वसंतकाका: ती भुवई ढोलाच्या टिपरूने फुटली. ताशावाल्यांवर उगाच आळ नको.

अनघा: आणि मीनल, शाळा तिला चुकत नाही, कामासाठी वर्क परमिटही लागतंच. त्यामुळे गुरुवारी दुपारी दोनचा सराव लावू नका. मागे लावला होतात.

मीनल: तो हॉलवाल्यांमुळे लागला होता. असो. पार्कवाल्यांशी बोलले. तिची सही आणि कार्डाची प्रत चालेल म्हणाल्या, पण विमा कंपनीकडून ईमेल हवं म्हणाल्या. सुहास, ते तुझ्याकडून.

सुहास: मी खजिनदार आहे, विमा सचिवांकडे असतो. सचिव भारतात आहेत. बघतो.