एकट्या राहणाऱ्या सरांसाठी शेजाऱ्यांनी काय करावे?

प्रश्न – कोथरूडकर
आमच्या लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ऐंशी ओलांडलेले गणिताचे एक निवृत्त शिक्षक राहतात. त्यांच्या पत्नी दोन वर्षांपूर्वी गेल्या. मुलगी कॅनडात असते आणि रोज सकाळी व्हिडिओ कॉल करते. डबा घरपोच येतो, त्यामुळे जेवणाची आबाळ नाही. पूर्वी रोज संध्याकाळी कट्ट्यावर बसणारे सर आता आठ-आठ दिवस खाली उतरत नाहीत आणि दार वाजवल्यास ‘माझे सगळे ठीक आहे’ एवढेच म्हणून ते लोटून घेतात. त्यांना अवघडल्यासारखे होऊ न देता आम्हांला काय करता येईल?

उत्तर – एकटीच
मी एकाहत्तर वर्षांची असून एकटीच राहते. ‘काही हवे का?’ असे कोणी विचारले की तोंडून ‘नको’च निघते, कारण हवे म्हटले की उपकाराचे ओझे आले. माझी शेजारीण एकदा लिंबे आणि बरणी घेऊन आली, मीठ किती घालायचे ते विचारत माझ्याच ओट्यावर फोडी करत बसली, आणि जाताना तिची वाटी इथेच राहिली. वाटी रिकामी परत करायची नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी मी कितीतरी दिवसांनी शिरा केला. एरवी एकटीसाठी कुकर लावायचाही कंटाळा येत असे. सरांना काही देऊ नका, त्यांच्याकडे काहीतरी मागा.

उत्तर – पायरी
सरांना ऐकू नीट येते का, तेही पाहावे. माझ्या वडिलांना कट्ट्यावर चौघे एकदम बोलू लागले की काही समजत नसे. एकदा कोणाच्या तरी आजारपणाच्या बातमीवर ते चुकून हसले आणि त्यानंतर त्यांनी जाणेच सोडले. आम्ही ते वर्षभर दुःख समजत होतो, श्रवणयंत्र आल्यावर उलगडा झाला. जिन्याच्या प्रत्येक वळणावर एक खुर्ची ठेवल्यासही फरक पडतो, मात्र तिच्यावर कोणी कुंड्या ठेवणार नाही याची तजवीज करावी लागते.

उत्तर – सचिव
सरांची विचारपूस सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर कृपया करू नये. आमच्याकडे ‘काका आज दिसले नाहीत’ असा निरोप पडताच सहा जणांनी त्यांचे दार ठोठावले, आणि दुपारची झोप मोडलेले काका महिनाभर कोणाशी बोलले नाहीत. त्यांच्या मर्जीतल्या एखाद-दोघांनीच लक्ष ठेवावे. त्यांच्या संमतीने दुसरी किल्ली आणि मुलीचा क्रमांक जवळ असावा. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची नोंद पोलीस ठाण्यात करता येते. १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची ‘एल्डर लाइन’ मदतवाहिनी सकाळी आठ ते रात्री आठ विनाशुल्क चालते, आणि मन मोकळे करण्यासाठीही तिथे फोन करता येतो.

प्रतिसाद – कोथरूडकर
सर्वांचे आभार. आमच्या चिरंजीवांचे भूमितीचे रडगाणे घेऊन काल सरांकडे गेलो. प्रथम त्यांनी ‘आता अभ्यासक्रम बदलला आहे’ म्हणून टाळले, मग पुस्तक मागून घेतले आणि दारातच उभे राहून दहा मिनिटे चाळले. निघताना म्हणाले, ‘उद्या पाच वाजता पाठवा, आणि पेन्सिलीला टोक काढून आणायला सांगा.’